उसनी छाती

वर्कशॉपच्या दवाखान्यातून आप्पांचा सहा वर्षांपूर्वीचा एक्स-रे संजयने मिळवला, त्याबद्दल त्याचं कौतुक करायला त्या दिवशी कुणाला सवडच झाली नाही. खरं तर व्हायला हवं होतं. खडकीच्या त्या लष्करी वर्कशॉपात एकदा आत गेलेला कागद सहसा बाहेर येत नसे; माणसं तेवढी साठाव्या वर्षाच्या आत बाहेर येत. तिथून संजयने एका जुन्या वर्गमित्राच्या ओळखीवर अख्खी फिल्म काढून आणली होती. तो सॉफ्टवेअरमध्ये होता. अमेरिकेतल्या कुठल्याशा विमा कंपनीच्या जुन्या नोंदी कोथरूडमध्ये बसून जपायच्या, हे त्याचं काम. त्यामुळे जुन्या नोंदी खोटं बोलत नाहीत अशी त्याची श्रद्धा होती, आणि तेवढ्या श्रद्धेवर त्याचं घर, गाडी आणि घराचे हप्ते चालले होते.

डॉ. उल्का दामल्यांनी ती फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली. शेजारी परवाची लावली. खोलीच्या दारावर ‘रुग्णासोबत एकच नातेवाईक’ अशी पाटी होती. रणपिसे मंडळींनी ती वाचली होती आणि मग चौघंही आत आले होते.

“ही शहाण्णव सालची,” बाई म्हणाल्या. “स्वच्छ. इतकी छान छाती माझ्याकडे रोज येत नाही.”

कोपऱ्यातल्या स्टुलावर हिंदुराव नकळत ताठ बसले.

“आणि ही आत्ताची. डाव्या बाजूला ही गाठ. शहाण्णवला नव्हती, म्हणजे नवीन आहे. खोकल्यातून रक्त येतंय, वजन उतरलंय. दुर्बीण घालून पाहिलं, तुकडा हाती लागला नाही. बेडक्यात क्षयाचे जंतू नाहीत. आता एकच उरतं. सीटीच्या मशीनमध्ये बघत बघत पाठीतून सुई घालायची आणि तुकडा काढायचा. आज दुपारी जागा आहे.”

“कॅन्सर आहे का?” संजयने विचारलं. हा प्रश्न त्याने घरी इंग्रजीत तयार करून आणला होता. मराठीत तो फारच छोटा झाला.

“संशय आहे. संशयावर मी औषध देत नाही. तुकडा बघू, मग बोलू. आत्ताच पकडलं तर ऑपरेशनचा विचार करता येईल. काही महिन्यांनी आलात तर कदाचित येणार नाही.”

आप्पा, म्हणजे रामदास रणपिसे, रंगखात्यातून निवृत्त, इतका वेळ अंगातल्या दवाखान्याच्या झग्याची नाडी शोधत होते. ती पाठीमागे असते हे त्यांना सकाळपासून दोनदा सांगून झालं होतं.

“सुई लावली की ते चवताळतं म्हणतात,” ते म्हणाले.

“कोण म्हणतं?”

“लोक.”

“लोक माझ्याकडे उशिरा येतात आणि मग सुईला नावं ठेवतात. बाहेर बसा, ठरवा आणि सांगा. फार वेळ घेऊ नका.”

बाहेर आल्यावर बाकावर सगळे ज्या क्रमाने बसले त्यावरूनच पक्ष पडलेले दिसत होते. एका टोकाला संजय आणि त्याची थोरली बहीण आम्रपाली: सुई, आजच्या आज. दुसऱ्या टोकाला आप्पा: सुई नाही. मध्ये आप्पांच्या पत्नी सुंदराबाई, मांडीवर त्यांचा मफलर घेऊन. हिंदुराव उभेच होते. त्यांना काहीतरी बोलायचं असलं की ते उभे राहत. चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवल्याने बसून काही करायची सवय राहिली नव्हती.

हिंदुराव आप्पांचे धाकटे भाऊ. छप्पन साली घरादाराने धम्म स्वीकारला तेव्हा देव्हारा गेला, नवस गेले, उपासतापास गेले. हिंदुरावांचं नाव मात्र शाळेच्या दाखल्यावर पडलेलं होतं, म्हणून राहून गेलं.

“संजू,” ते म्हणाले, “ती शहाण्णवची फिल्म दादाची नाही.”

“काका, वर नाव आहे. टोकन नंबर आहे. मी स्वतः टॅली केलाय.”

“नाव दादाचंच. छाती माझी.”

संजयने आधी काकांकडे पाहिलं, मग आप्पांकडे. आप्पा मन लावून समोरच्या भिंतीवरचं क्षयरोगाचं पोस्टर वाचत होते.

मग ते बाहेर आलं, आणि बाहेर आणताना हिंदुरावांना जरा बरंच वाटत होतं हे कबूल केलं पाहिजे. अडुसष्ट साली आप्पांना क्षय झाला. क्षयाच्या माणसाला रंगखात्यात ठेवत नाहीत अशी तेव्हा हवा होती, आणि संजय पोटात होता. आप्पांनी कावीळ सांगून रजा काढली, मग कामावर जात येत दीड वर्षं बाहेरच्या डॉक्टरकडून इंजेक्शनं घेतली. बरे झाले. पण फुफ्फुसावर डाग राहिला, आणि रंगखात्याच्या माणसांचे दर दोन-तीन वर्षांनी एक्स-रे निघत.

“मग काय, मी जायचो. रांगेत सगळे उघडे. बनियन काढल्यावर कोण रामदास आणि कोण हिंदू? तो फोटोवाला म्हणायचा, श्वास घ्या, धरा. मी धरायचो. वाजवणाऱ्याचा दम आपला. तोच शेवटी म्हणायचा, अहो सोडा आता, झालं कधीच.”

“दर वेळी?” आम्रपालीने विचारलं.

“रिटायर होईपर्यंत. एकदा तर सीझन होता, नवरदेवाला घोड्यावर ठेवून आलो.”

आम्रपाली समाजकल्याण खात्यात अधिकारी होती. लोकांनी सादर केलेले खोटे दाखले ओळखणं हा तिच्या कामाचा भाग होता, आणि त्यात तिचा हात कुणी धरत नसे. आत्ता तिच्या मनात पहिला विचार आला तो पेन्शनचा. दुसरा विचार आला की पहिला हा यायला नको होता. पण तोंडातून बाहेर पडला पहिलाच.

“हळू बोला. आणि हे आत जाऊन कुणाला सांगायचं नाही. चौकशी लागली तर? मी काय सांगू ऑफिसात? आमच्या वडिलांनी तीस वर्षं सरकारला फसवलं?”

“फसवलं नाही,” आप्पा पोस्टरकडे बघतच म्हणाले. “तीस वर्षं काम केलं. रणगाड्यांना रंग मी दिला. हिंदूने नाही.”

“ताई, एक मिनिट.” संजय उठून उभा राहिला. “म्हणजे आप्पांचा जुना एक्स-रे आपल्याकडे नाहीच. म्हणजे शहाण्णवला गाठ नव्हती असं म्हणताच येत नाही. म्हणजे हा तो जुनाच डाग असू शकतो!”

“तू सकाळी सुई सुई करत होतास.”

“सकाळी डेटा वेगळा होता.”

“संजय, तो डेटा नाही. तो काकांचा श्वास आहे.”

“सांगू दे त्याला,” हिंदुराव म्हणाले. “पेन्शनचं मी बघतो. पकडायचं तर मला पकडा म्हणावं. छाती माझी सापडली आहे.”

आम्रपालीने आईकडे पाहिलं. घरातल्या भांडणात आई ज्या बाजूला मान हलवील ती बाजू जिंकते, हे ती परकर-पोलक्यात असल्यापासून बघत आली होती. सुंदराबाई मफलरची घडी घालत होत्या. घडी झाली, त्यांनी ती मोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

डॉ. उल्काबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. पेटीवरची सहा वर्षांपूर्वीची फिल्म त्यांनी काढली आणि हिंदुरावांच्या हातात दिली.

“ही तुमची. जपून ठेवा. विड्या ओढता?”

“मधूनमधून.”

“हाताला वास येतोय. पुढच्या आठवड्यात स्वतःच्या नावाने एक काढून घ्या.” मग त्या आप्पांकडे वळल्या. “क्षय झाला होता हे पहिल्याच दिवशी विचारलं होतं मी. तुम्ही नाही म्हणालात.”

“सवयीने म्हणालो,” आप्पा म्हणाले.

“बरं. तो डाग कोणत्या बाजूला होता?”

संजय आप्पांकडे बघत होता, आम्रपाली आप्पांकडे बघत होती. हिंदुराव हातातल्या स्वतःच्या बरगड्यांकडे बघत होते.

“डावीकडे,” आप्पा म्हणाले.

“नक्की?”

“डावीकडेच.”

बाईंनी सुंदराबाईंना विचारलं, “तुम्हाला आठवतं?”

“ते सांगतात तेच,” सुंदराबाई म्हणाल्या.

“ठीक. पण ऐका. डावीकडे जुना डाग असला, तरी त्याच जागी नवीन काही होत नाही असं नाही. रक्त जुन्या डागातूनही येतं, नव्या गाठीतूनही. माझा सल्ला आहे तोच आहे. पण शरीर तुमचं. नाही म्हणालात तर दीड महिन्याने पुन्हा सीटी काढू आणि किती वाढलं ते बघू.”

“थांबू दीड महिना,” आप्पा म्हणाले. एवढ्या लगबगीने ते गेल्या दोन महिन्यांत काही बोलले नव्हते.

बाहेरच्या बाकावर पक्षच उरले नाहीत. संजयने मोबाइल काढला. आलेल्या फोनलाही पैसे पडतात म्हणून एरवी तो मिस्ड कॉलवर संसार चालवणारा माणूस, त्याने बायकोला, पूर्वाला, फोन लावून मोठ्यांदा सांगितलं, “अगं, टीबी! जुना टीबी असेल! हो ना, नुसता टीबी!” ज्या घरात हा शब्द आम्रपालीचं लग्न जमेपर्यंत कुणी उच्चारला नव्हता, आणि जमल्यावरही नाही, त्या घरातला मुलगा भर कॉरिडॉरमध्ये टीबीचे पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवत होता. शेजारचे दोन पेशंट सरकून बसले. आम्रपाली रडत हसली आणि म्हणाली, “काका, तुमच्यावर केस करायला पाहिजे खरं तर.” हिंदुराव म्हणाले, “कर. आधी वडे आणतो.” आणि ते कँटीनकडे चालायला लागले, तोंडाने वरातीची कुठलीशी चाल धरून. दवाखान्यात आवाज करू नये म्हणून सिस्टरने त्यांना थांबवलं तेव्हा त्यांनी तिलाही वडा आणू का विचारलं.

सुंदराबाई आप्पांना घेऊन वॉर्डात गेल्या. आता घरी जायचं होतं, कपडे बदलायचे होते.

पडदा ओढून त्यांनी झग्याची नाडी सोडली. आप्पा पाठमोरे बसले होते. पाठीचे मणके एकेक करून दिसायला लागले होते. उजव्या खांद्याच्या खाली, पात्याच्या कडेला, हाताच्या पंजाएवढा तो तुकतुकीत चट्टा होता. अडुसष्टच्या हिवाळ्यात खोकून खोकून त्यांची ती बाजू भरून यायची. क्वार्टरमध्ये शेगडीवर वीट तापवायची, फडक्यात गुंडाळायची आणि शेकायची. एका रात्री सुंदराबाईंचा शेकता शेकता डोळा लागला, वीट तिथेच राहिली. आप्पा ओरडले नाहीत. भिंतीपलीकडे फोरमन राहायचा, कावीळ झालेल्या माणसाची पाठ कशाला शेकता, असं त्याने विचारलं असतं.

सुंदराबाईंनी चट्ट्यावर हात ठेवला.

“अहो.”

“हं.”

“उजवी होती.”

आप्पांनी शर्टाच्या बाहीत घातलेला हात तसाच ठेवला.

“माहीत आहे मला,” ते म्हणाले.

“मग डावी का सांगितलीत?”

आप्पांनी जरा विचार केला. नवऱ्याच्या तोंडावर खोटं सापडल्याचा काही भाव आहे का हे बघायला सुंदराबाई पुढे येऊन उभ्या राहिल्या. तसं काही नव्हतं. शाळेत तोंडी परीक्षेत चुकलेल्या मुलासारखा चेहरा होता.

“बाईंनी विचारलं ना, कोणत्या बाजूला? मला वाटलं, विचारतायत म्हणजे सांगू ते होईल.”

सुंदराबाईंना हसू आलं आणि ते मध्येच कुठेतरी अडकलं. त्या पलंगाच्या कडेला बसल्या.

“तुम्ही काहीच का बोलला नाहीत मग तिथे?” आता आप्पांनी विचारलं. बायकोशी अहो-जाहो ते फक्त भ्यायल्यावर करत.

“मलाही वाटलं, होईल.”

पडद्यापलीकडे कुणाची तरी ढकलखुर्ची गेली. तिचं एक चाक कुरकुरत होतं. ते लांब जाईपर्यंत दोघं ऐकत राहिले.

“चवताळलं तर?” आप्पा म्हणाले.

“न बघता ठेवलं म्हणून काय शहाण्यासारखं वागणार आहे ते? दीड महिना मी तुमच्या शेजारी निजू आणि रोज मोजू? माझ्याच्याने नाही होणार. पूर्वी विटेने भाजलं तुम्हाला, तेव्हा झोप लागली होती मला. या वेळेला जागी आहे.”

आप्पांनी शर्टाच्या बाहीतून हात हळूच बाहेर काढला. सुंदराबाईंनी झगा पुन्हा पुढे केला.

“पोरांना सांग,” ते म्हणाले. “हिंदूला नको.”

“का?”

“तीस वर्षं त्याने छाती दिली. कधी चहासुद्धा मागितला नाही त्याबद्दल. आज त्याला वाटतंय, आपल्यामुळे दादा सुटला. रिपोर्ट येईपर्यंत राहू दे तेवढं.”

“आणि सुई का करायची, विचारलं तर?”

“सांग, बाई हट्टी आहेत.”

उल्काबाई राउंडवरून परत येताना सुंदराबाईंनी त्यांना जिन्यापाशी गाठलं. आयुष्यात डॉक्टरला अडवायची त्यांची ही पहिलीच वेळ, त्यामुळे त्या फार जवळ जाऊन उभ्या राहिल्या.

“उजवी होती, डॉक्टर.”

“हं,” उल्काबाई म्हणाल्या. त्यांना आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. “तयार आहेत का ते?”

“आहेत. पण माझ्या दिरांना हे कळायला नको. तुम्हीच हट्ट धरलात असं सांगाल का?”

“मी हट्टीच आहे. त्यात खोटं काही सांगावं लागणार नाही.”

संजयला आणि आम्रपालीला त्यांनी औषधाच्या खिडकीपाशी उभ्या उभ्या सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. संजय म्हणाला, “पण आई, आत्ताच तर...” आणि थांबला. मोबाइल त्याच्या हातात होता. पूर्वाला पुन्हा फोन करायला हवा होता, तो त्याने केला नाही. आम्रपालीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. लहानपणी तो पडला की ती असाच ठेवायची, आणि तो झटकायचा. आज त्याने झटकला नाही.

हिंदुराव वड्यांचा पुडा घेऊन आले तेव्हा आप्पा ढकलखुर्चीत बसले होते आणि खुर्ची सीटीच्या खोलीकडे निघाली होती.

“हे काय?”

“बाई ऐकत नाहीत,” सुंदराबाई म्हणाल्या. “सुई करायचीच म्हणतात.”

हिंदुराव थेट उल्काबाईंसमोर जाऊन उभे राहिले. छाती पुढे, पुडा मागे.

“काय हो डॉक्टर? एवढं सगळं सांगितलं तुम्हाला. अब्रू काढून टेबलावर ठेवली आमची. तरी एका जुन्या डागासाठी माणसाला टोचणार? माणसाच्या शब्दाला काही किंमत?”

“माझा स्वभावच तसा आहे,” उल्काबाई म्हणाल्या.

“म्हणजे विश्वास नाही तुमचा.”

“नाही. बघितल्याशिवाय नाही.”

“काका, जाऊ दे,” आम्रपाली म्हणाली.

“जाऊ दे काय? पुण्यात डॉक्टर कमी आहेत का? दादा, तू उठ. चल घरी.”

आप्पांनी खुर्चीतून हात वर केला. वर्कशॉपच्या भोंग्यानंतर खात्यातल्या माणसांना ते असाच करत असत. “हिंदू, बाईंचंही समाधान होऊ दे. वडे गार करू नकोस. आलोच.”

खुर्ची आत गेली, दार लागलं, दारावरचा लाल दिवा पेटला. संजय खाली रक्तपेढीकडे गेला. आम्रपाली कुणाला तरी फोन करायला म्हणून जिन्यात गेली आणि फोन न करता तिथेच उभी राहिली. बाकावर सुंदराबाई आणि हिंदुराव उरले. मध्ये वड्यांचा पुडा. कागदावर तेलाचा डाग पसरत होता.

हिंदुराव बराच वेळ डॉक्टरबाईंना नावं ठेवत होते. पेठेतली माणसं अशीच, शिक्षण डोक्यात गेलेली, माणुसकी म्हणून नाही. सुंदराबाई हो म्हणत होत्या. मग शिव्यांचा वेग कमी होत गेला, दोन शिव्यांमधलं अंतर वाढत गेलं, आणि शेवटी तेही संपलं. हिंदुरावांनी मांडीवरची आपली फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. नीट बघितली, उलटी केली, पुन्हा बघितली.

“वहिनी,” ते म्हणाले, “दादाची अडुसष्टची ती पहिली प्लेट सायकलवरून मीच आणली होती. तुम्ही बाळंतपणाच्या तपासणीला गेला होतात. खिडकीत धरून मी आणि दादाने बघितली, अशीच.”

सुंदराबाई लाल दिव्याकडे बघत राहिल्या.

“कोणत्या बाजूला होता हो तो डाग?” हिंदुरावांनी विचारलं.

“मला नाही आठवत, भाऊजी,” सुंदराबाई म्हणाल्या.

हिंदुरावांनी फिल्म खाली घेतली आणि पाकिटात सरकवली.

“मलाही नाही,” ते म्हणाले.